आईची दोरी आणि रुळावरचे नट : खिशात पैसे नसताना कडे चढणाऱ्यांची गोष्ट

भाग ऐकायला वेळ मिळाला नसेल, किंवा लोकलमध्ये बोगद्यात शिरल्यावर नेट गेलं असेल, तर हे त्याचं लिखित रूप. बोलताना माझं जे 'अं... म्हणजे काय...' होतं तेवढं काढून टाकलंय. बाकी सगळं तेच.

गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न सारखा येतोय. "दादा, रॉक क्लाइंबिंग सुरू करायचंय, पण बजेट नाहीये. कमीत कमी किती लागतील?" याचं उत्तर आकड्यात देता येईल, आणि शेवटी थोडं देणारही आहे. पण त्याआधी मला इतिहास सांगायचाय. कारण हाच प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी मँचेस्टरमधल्या एका पोराला पडला होता, आणि त्याने काढलेलं उत्तर अर्धवट वाचल्यामुळे मी एकदा मरता मरता वाचलोय.

आधी माझीच फजिती सांगतो.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. ट्रेकिंगचं वेड लागलं होतं आणि आता 'खरं' क्लाइंबिंग करायचं होतं. आम्ही तिघं मित्र. तिघांनी पैसे काढले आणि हार्डवेअरच्या दुकानातून पिवळा दोर आणला. टेम्पोत माल बांधायला वापरतात ना, तो. दिसायला जाडजूड, हाताला घट्ट. घराजवळच्या डोंगरात एक बारा-पंधरा मीटरचा कातळ होता. मागच्या वाटेने वर जाऊन आम्ही झाडाला त्याच दोराचा एक तुकडा फास करून बांधला, त्या फासातून मोठा दोर ओवला आणि दोन्ही टोकं खाली सोडली. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दुसरं टोक खाली दोघांच्या हातात. व्हिडिओत पाहिलं होतं तसंच.

पहिला मित्र चढला, आणि आम्ही त्याला दोरावर लोंबकळत खाली सोडलं. मस्त! मग मी. निम्म्यावर गेलो, पाय थरथरायला लागले, म्हणून ओरडलो, "सोडा रे खाली!"

तेवढ्यात वरून कोणीतरी ओरडलं, "त्याला सोडू नका! आहे तिथेच थांबव!"

शेजारच्या कातळावर एका क्लबची मंडळी आली होती. त्यांचा एक मुलगा वर झाडापाशी त्यांचा दोर लावत होता. त्याने आमचा फास पाहिला होता. दोन मिनिटांत त्यांचा दोर माझ्याशेजारी आला. त्या दोरावरून एक जण उतरला, त्याने मला त्यांच्या दोरात बांधलं आणि मग मी खाली आलो. त्यांचे म्होरके एक काका होते, पन्नाशीचे. त्यांनी आमचा फास सोडवून आणला आणि माझ्या हातात दिला. मित्र फक्त एकदाच खाली आला होता. पण तेवढ्यात दोरावर दोर घासून फासाला चकचकीत खाच पडली होती. निम्मा दोर वितळला होता.

मी काय म्हणावं? लाज वाटत होती, म्हणून उलट बोललो. "काका, पैसे नाहीत आमच्याकडे. आणि जो ब्राउनसुद्धा आईच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवरच शिकला होता."

काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "अर्धीच गोष्ट वाचलीस. पुढची वाच."

तर मंडळी, आज ती पुढची गोष्ट. पण आधी पहिला अर्धा भाग.

साहेबांचा खेळ

दोर, जोडीदार आणि डोक्यावर कडा, असं ज्याला आपण रॉक क्लाइंबिंग म्हणतो, ते खेळ म्हणून रुजलं ते युरोपात. लंडनमध्ये १८५७ साली अल्पाइन क्लब सुरू झाला. सभासद कोण? वकील, प्राध्यापक, पाद्री, ज्यांना उन्हाळ्यात महिनाभर आल्प्समध्ये जायची सवड आणि ऐपत होती असे लोक. बायकांना तर या क्लबमध्ये १९७४ पर्यंत प्रवेशच नव्हता!

१८८६ साली वॉल्टर हॅस्केट स्मिथ नावाचा तरुण इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये नेप्स नीडल या सुळक्यावर एकटा चढून गेला. ब्रिटनमध्ये 'शिखर गाठण्यासाठी नाही, कातळ चढण्यासाठीच कातळ चढायचा' या वेडाची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मोजतात. हॅस्केट स्मिथ ऑक्सफर्डमध्ये शिकलेला होता. त्यालाही दोर परवडत नव्हता असं काही नव्हतं.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तर इंग्लंडमध्ये एका बाजूला मँचेस्टर, कापडगिरण्यांचं शहर. दुसऱ्या बाजूला शेफील्ड, पोलादाचं शहर. आणि दोघांच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर, तिथे ग्रिटस्टोन नावाच्या खरखरीत वाळूच्या दगडाचे लांबच लांब कडे. गिरणीतला कामगार शनिवारी दुपारी सुटला की बस किंवा ट्रेन पकडून संध्याकाळी डोंगरात. आपल्याकडे शनिवारी रात्रीची शेवटची कर्जत किंवा कसारा लोकल पकडतात ना, तसंच.

फक्त एक अडचण होती. ते डोंगर जमीनदारांचे होते. तिथे पक्ष्यांच्या शिकारी चालायच्या आणि रखवालदार माणसांना हाकलून द्यायचे. म्हणून २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम, ठरवून घुसले. पुढे होता बेनी रॉथमन, वय २०. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. डोंगरात चालायला गेले म्हणून कैद! पुढे १९५१ मध्ये हाच पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला.

हे का सांगतोय? कारण 'बजेट' म्हणजे फक्त दोर आणि बूट नव्हे. सुट्टी, प्रवास, आणि डोंगरावर पाय ठेवायची परवानगी, हे सगळं बजेटमध्येच येतं. गरीब क्लाइंबरने पहिली लढाई दोरासाठी केली नाही, वाटेसाठी केली.

अर्डविकचा प्लंबर

जो ब्राउनचा जन्म १९३० चा, मँचेस्टरच्या अर्डविक भागातला. सात भावंडांत धाकटा. तो वर्षाचाही नव्हता तेव्हा वडील गेले. आईने मिळेल ती कामं करून घर चालवलं. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरवर बॉम्ब पडले, तेव्हा हा दहा वर्षांचा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो प्लंबरच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागला.

सोळा-सतरा वर्षांचा असताना मित्रांबरोबर तो कड्यांवर जायला लागला, आणि दोर म्हणून घेतली आईने टाकून दिलेली कपडे वाळत घालायची दोरी. ही ती प्रसिद्ध गोष्ट. मी वाचलेली, आणि माझ्यासारख्या हजारोंनी वाचलेली. वाचून छाती फुगते. पैसे नव्हते तरी चढला! मग आपण का नाही?

पण थोडं थांबून विचार करा. ती दोरी काय करू शकत होती? खरं सांगायचं तर काहीच नाही. तो पडला असता तर ती तुटली असती. तो वाचला तो दोरीमुळे नाही. पडला नाही म्हणून वाचला. आणि अशाच दोऱ्या घेऊन जी पोरं पडली, त्यांची आत्मचरित्रं आपल्याला वाचायला मिळत नाहीत.

त्या काळात साहेबांचे दोरसुद्धा फार विश्वासाचे नव्हते बरं का. महायुद्धाआधी दोर असायचे मनिला किंवा हेम्पचे, म्हणजे आपल्या वाखाच्या दोराच्या जातीचे. ते ताणले जात नाहीत. ओले झाले की जड होतात, आतून कुजतात.

पुढे चढणारा, ज्याला आपण लीडर म्हणतो, त्याचा हिशोब सोपा आहे. शेवटच्या आधारापासून तीन मीटर वर असताना हात सुटला, तर तो तीन अधिक तीन, म्हणजे निदान सहा मीटर खाली येणार. त्या झटक्याने वाखाचा दोर तरी तुटायचा किंवा माणसाचं कंबरडं तरी मोडायचं. म्हणून तेव्हाचा पहिला नियमच होता : लीडरने पडायचं नाही. कधीच नाही.

मग युद्ध आलं आणि त्याबरोबर नायलॉन आला. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि झटका स्वतः खातो. युद्ध संपल्यावर लष्कराचं उरलेलं सामान स्वस्तात बाजारात आलं. नायलॉनचे दोर, पोलादी कॅराबिनर, जाड कोट, झोपायच्या पिशव्या. ब्राउनच्या पिढीच्या हातात हे सगळं पडलं. बूट तर फारच साधे. कॅनव्हासचे रबरी तळाचे स्वस्त बूट, आपण शाळेत पी.टी.ला घालायचो तसले.

म्हणजे आईची दोरी हा त्या पिढीचा मार्ग नव्हता. ती फार तर सुरुवातीची चूक होती, आणि शक्य झालं तितक्या लवकर त्यांनी ती सुधारली.

"मी येऊ का?"

आता माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग. १९५१ चा वसंत. स्टॅफर्डशरमध्ये रोचेस नावाचे ग्रिटस्टोनचे कडे आहेत. ब्राउन एक अवघड टप्पा चढून वर बसला होता. त्याच्या मागून येणाऱ्या जोडीदाराला काही तो टप्पा जमेना. खाली एक बुटका, दणकट पोरगा उभा राहून बघत होता. सॅलफर्डचा डॉन व्हिलन्स, वय सतरा, तोही प्लंबरच्या हाताखालचा शिकाऊ. त्याने विचारलं, मी येऊ का? ब्राउनच्या दोरात स्वतःला बांधलं आणि चढून गेला.

त्यानंतर ही जोडी ब्रिटनमधली त्या काळातली सगळ्यात गाजलेली जोडी ठरली. लक्षात घ्या, व्हिलन्स आत आला तो दुसऱ्याच्या दोरावरून. खालून विचारायचं धाडस त्याचं, आणि 'ये' म्हणायचा मोठेपणा ब्राउनचा.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मँचेस्टरमध्ये 'रॉक अँड आइस' नावाचा क्लब सुरू झाला. बहुतेक सगळी कष्टकरी घरातली पोरं. आठवडाभर काम, आणि शनिवार-रविवार डोंगर. कोणाकडे मोटरसायकल असेल तर तिच्यावर, नाहीतर हात दाखवून मिळेल त्या गाडीने. रात्र काढायला शेतकऱ्याचा गोठा, नाहीतर मोठ्या शिळेखालची कोरडी जागा. दोर सगळ्यांचे मिळून, आणि शिकणंही सगळ्यांचं मिळून.

हे 'मिळून शिकणं' फार मोलाचं ठरलं. ग्रिटस्टोनच्या कड्यांना उभ्या भेगा असतात, पण बोटांनी धरायला खाचा कमी. भेगेत हात सरळ घालायचा, अंगठा तळव्याकडे वळवायचा, म्हणजे हात आत फुगतो आणि पाचरीसारखा बसतो. त्यावर अख्ख्या शरीराचा भार टाकता येतो. याला हँड जॅम म्हणतात. ब्राउनने हा प्रकार शोधला नाही, पण इतका घोटला की तो त्याच्या नावाशी जोडला गेला. याला पैसे लागतात? शून्य. हाताच्या मागची साल जाते तेवढीच.

१९५२ मध्ये ब्राउनने डग बेलशॉबरोबर वेल्समधला सेनोटाफ कॉर्नर चढला. उघडं पुस्तक उभं करून ठेवावं तशी दोन भिंतींमधली ती सुमारे ३६ मीटरची उभी कड. त्या काळातली ती मोठी कामगिरी मानली जाते. १९५४ मध्ये ब्राउन आणि व्हिलन्स यांनी फ्रान्समधल्या पेती द्रूची पश्चिम भिंत चढली. ही भिंत तोवर फक्त दोनदा चढली गेली होती. मँचेस्टरचे दोन प्लंबर आल्प्समध्ये!

रुळावरचे नट

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

लीडर पडला तर त्याला धरायला मध्ये मध्ये आधार लागतो. तेव्हा दोन पर्याय होते. भेगेत लोखंडी मेख ठोकायची, हा एक. ब्रिटनमध्ये मेखा ठोकणं कमीपणाचं मानायचे, कारण दगड फुटतो. दुसरा पर्याय म्हणजे भेगेत अडकलेला दगड शोधायचा आणि त्याच्यामागून दोरीचा फास ओवायचा. दगड नसेल तर? मग क्लाइंबर खिशात खडे घेऊन जायचे आणि भेगेत बसवायचे.

वेल्समध्ये स्नोडन डोंगरावर १८९६ पासून छोटी रेल्वे चालते. तिथल्या क्लॉगविन द्यूर आर्दू या प्रसिद्ध कड्याकडे जाताना वाटेत ते रूळ लागतात. रुळांच्या बाजूला बोल्टवरचे जुने नट पडलेले असायचे. कोणाच्या तरी डोक्यात आलं : खड्याऐवजी हा नट भेगेत बसवला तर? त्याला आयतंच भोकही आहे, फास त्यातूनच ओवता येईल! पण नटाच्या आतले आटे धारदार असतात, ते फास कापणार. मग वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या पोरांनी ड्रिलने आटे घासून काढले.

झालं! काही न ठोकता, दगड न फोडता बसणारा आणि मागचा माणूस काढून परत आणणारा आधार तयार. फुकटात. यात एक गोष्ट बघा. या पोरांनी काटकसर केली, पण नेमका धोका कुठे आहे हे ओळखून. आट्यांनी फास कापला जाईल हे त्यांना कळलं होतं, म्हणून ते आटे काढायची मेहनत घेतली. मला माझा फास कशाने कापला जाईल हेच ठाऊक नव्हतं. आमच्यात आणि त्यांच्यात फरक होता तो एवढाच.

१९६१ मध्ये जॉन ब्रेल्सफर्ड या लोहारकाम जाणणाऱ्या क्लाइंबरने खास क्लाइंबिंगसाठीच घडवलेला नट आणला, 'एकॉर्न' नावाचा. १९६६ मध्ये अमेरिकेचा रॉयल रॉबिन्स ब्रिटनमध्ये येऊन हे प्रकरण पाहून गेला आणि योसेमिटीत त्याचा प्रचार करू लागला. तिथे इव्हॉन शुइनार्ड होता. त्यानेही १९५७ मध्ये भंगारातून जुनी भट्टी विकत घेऊन, स्वतः लोहारकाम शिकून मेखा बनवायला सुरुवात केली होती आणि गाडीच्या डिकीतून तो त्या विकायचा. पण मेखा ठोकून ठोकून योसेमिटीच्या भेगा खराब झाल्या. १९७२ च्या आपल्या कॅटलॉगमध्ये, मेखा विकणाऱ्या याच माणसाने लोकांना सांगितलं, मेखा सोडा, नट वापरा. पुढच्याच वर्षी त्याने कपड्यांची कंपनी काढली. तिचं नाव पॅटागोनिया. हो, तीच. एअरपोर्टवर लोक ज्याची जॅकेटं घालून फिरतात तीच.

रुळाशेजारी पडलेल्या नटाचा हा प्रवास! आज दुकानात कॅराबिनरला लटकलेले चकचकीत नट दिसतात, त्यांचा पूर्वज रेल्वेचं भंगार होता.

कांचनजंगावरची भेग

१९५५ मध्ये चार्ल्स एव्हान्स या सर्जनच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मोहीम कांचनजंगावर निघाली. ८५८६ मीटर, जगातलं तिसरं उंच शिखर, आणि तोवर कोणी न चढलेलं. मोहिमेत केंब्रिजला शिकलेला जॉर्ज बँड होता, आणि मँचेस्टरचा प्लंबर जो ब्राउनसुद्धा. वय २४.

२५ मे १९५५. शिखर अगदी हातावर आलेलं असताना समोर कातळाचा टप्पा आडवा आला, त्यात एक उभी भेग. साडेआठ हजार मीटरच्या वर, पाठीवर ऑक्सिजनचं ओझं. ब्राउन पुढे झाला, आणि ग्रिटस्टोनवर शनिवार-रविवारी घोटलेलं तेच तंत्र वापरून ती भेग चढला. मागून बँड आला. समोर शिखराचा माथा होता आणि ते थांबले. सिक्कीमच्या लोकांसाठी ते शिखर पवित्र आहे. माथ्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द सिक्कीमच्या राजांना दिला होता, तो त्यांनी पाळला.

आणि हाच डोंगर आपल्याही ओळखीचा आहे. २०१९ च्या मे महिन्यात पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या दहा जणांनी एकाच मोहिमेत कांचनजंगा चढला. ही संस्था १९८२ ची. त्याआधी १९५४ मध्ये, म्हणजे ब्राउन पेती द्रूवर होता त्याच वर्षी, मुंबईत गिरिविहार हा क्लब सुरू झाला होता. सह्याद्रीत क्लाइंबिंग वाढलं ते अशा क्लबांमधूनच. ज्यांना एकट्याला दोर घेणं परवडलं नसतं अशा लोकांनी वर्गणी काढली, सामान सामाईक ठेवलं, रविवारी जमले आणि आधीच्याने नंतरच्याला शिकवलं.

म्हणजे मँचेस्टर असो की मुंबई, स्वस्तात क्लाइंबिंग करण्याची युक्ती एकच निघाली. दोर स्वस्त घ्यायचा नाही. चांगला दोर दहा जणांत वापरायचा.

मग किती लागतात?

काकांची 'पुढची गोष्ट' मला पूर्ण कळायला दोन वर्षं लागली. पण त्या दिवशी निघताना ते एवढंच म्हणाले होते, "पुढच्या रविवारी साडेसहाला स्टेशनवर ये. दोर आणू नकोस. पाण्याची बाटली आण."

मी गेलो. पहिले सहा महिने माझा खर्च काय झाला? लोकलचं तिकीट, वडापाव आणि क्लबची वर्गणी. हार्नेस क्लबचा, हेल्मेट क्लबचं, दोर क्लबचा. बूट माझेच, कॅनव्हासचे. क्लाइंबिंग शूज वर्षभराने घेतले, तेही तोपर्यंत आपण हे सोडून देणार नाही अशी खात्री झाली म्हणून.

आता तुमच्यासाठी हिशोब. कपडे जुने चालतील. बूट सुरुवातीला साधे चालतील, किंवा कोणाचे तरी मागून घ्या. खडूची पिशवी घरी शिवा. हम्पीला बोल्डरिंगला गेलात तर खाली टाकायच्या गाद्या भाड्याने मिळतात. या सगळ्यात हवी तेवढी काटकसर करा.

पण दोर, हार्नेस, कॅराबिनर आणि हेल्मेट यांत नाही. लीड करायचा दोर 'डायनॅमिक' लागतो. त्याच्या चाचणीत ८० किलोचं वजन वरून टाकतात आणि दोराने असे किमान पाच पडझटके सोसावे लागतात. पूर्ण लांबीचा असा दोर साधारण दहा हजारांच्या आसपास आणि त्यापुढे जातो. परवडत नसेल तर घेऊ नका! ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे जा. जुना हार्नेस, जुना दोर कोणी स्वस्तात देत असेल आणि त्याचा इतिहास माहीत नसेल, तर नको म्हणा. आणि दोर कधीच दुसऱ्या दोराच्या किंवा पट्टीच्या फासातून थेट ओवून माणसाला खाली सोडू नका. मध्ये धातू हवा, कॅराबिनर हवा. हे एक वाक्य विसरू नका. माझा जीव याच वाक्याच्या अलीकडे-पलीकडे होता.

आणि सह्याद्रीचं वेगळं गणित आहे. आपला बेसाल्ट कित्येक ठिकाणी ठिसूळ आहे, हातात येतो. पावसाळ्यात शेवाळ असतं. कपारीत आग्या मोहळं असतात. यूट्यूबवरचा अमेरिकन माणूस तुम्हाला हे सांगणार नाही. तिथल्या कातळावर वीस वर्षं चढलेली ताई किंवा दादा सांगेल. म्हणून माणसं शोधा. सामान त्यांच्याबरोबर येतं.

जो ब्राउन २०२० मध्ये गेला, ८९ वर्षांचा होऊन. १९६६ मध्ये त्याने वेल्समधल्या लॅनबेरिसला क्लाइंबिंगच्या सामानाचं दुकान काढलं होतं. आईच्या टाकाऊ दोरीवर सुरुवात केलेल्या माणसाने पुढे इतरांना चांगले दोर विकले. काका म्हणत होते ती 'पुढची गोष्ट' ही.

आणि आमचा तो पिवळा दोर? खाच पडलेला तुकडा माझ्या टेबलावर आहे. उरलेला आमच्या गॅलरीत बांधलाय. आई त्याच्यावर कपडे वाळत घालते. त्या कामाला तो उत्तम आहे.

तुमच्या गावाजवळ, शहराजवळ कुठला क्लब रविवारी कातळावर जातो, याची चौकशी या आठवड्यात करा. तिथे जाऊन व्हिलन्ससारखं विचारा, "मी येऊ का?" बहुतेक वेळा उत्तर 'ये' असंच येतं. सापडला क्लब, तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, जपून चढा!